कडूमुळीचा माळ

वर्ना लिंडक्विस्ट राज्याच्या रस्तेखात्यात होती, पण उभ्या जन्मात तिने हातभर रस्ता बांधला नाही. तिचं काम रस्ता अडवायचं. अगदी अडवायचं नाही म्हणा, जरा इकडे-तिकडे सरकवायचं. अमेरिकेचा कायदाच तसा आहे. सरकारी पैशाने रस्ता काढायचा, पूल बांधायचा, तर आधी त्या जमिनीच्या पोटात जुनं काय आहे ते बघा, आणि ती जमीन ज्यांची होती त्या जमातीला विचारा. हे बघायचं आणि विचारायचं काम वर्नाचं. ती पुरातत्त्वाची बाई. खात्यातले इंजिनियर तिला लांबून येताना बघितलं की म्हणायचे, "आली बया. गेला आपला उन्हाळा."

ती त्यांचं मनावर घेत नसे. उंच, रापलेली, कायम गुडघ्यांना माती लागलेली. नवरा कधीच सोडून गेलेला, मूलबाळ नाही. क्विल नदीच्या खोऱ्यात तिने उमर घालवली. हे खोरं नदीच्या माणसांचं, म्हणजे तिथल्या मूळच्या जमातीचं. एके काळी डोंगरापर्यंतचा सगळा मुलूख त्यांचा होता. आता राखीव प्रदेशाचा एक तुकडा उरलाय, आणि बाकीच्या मुलखात शिकार करायचा, मासे धरायचा, मुळं खणायचा हक्क तेवढा करारात शिल्लक आहे. सरकारी माणूस दिसला की ही माणसं अशी गप्प होतात, की भिंतीशी बोललेलं परवडलं.

वर्नाशीही सुरुवातीला कुणी बोललं नाही. पण बाई चिवट. मयत असलं की जायची आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरून भांडी घासायची. कुणी चहापाणी विचारो न विचारो. मग एकदा नव्या पुलाच्या जागेवर तिला जुन्या कबरी लागल्या. तिने साहेबाशी भांडून अख्खा पूल वरच्या अंगाला सरकवला. त्या दिवशी फिलोमीनमावशीने तिला पहिल्यांदा हाक मारली.

फिलोमीन पियेर जमातीतली वडीलधारी बाई. सगळं खोरं तिला मावशी म्हणायचं. दरसाल वसंतात कडूमुळी, म्हणजे त्यांची खायची मुळं, जमिनीतून वर आली, की पहिली पहार तिने मारायची आणि मगच बाकीच्या बायकांनी खणायला लागायचं, एवढा तिचा मान. तोंडाने मात्र फटकळ.

"काय गं पोरी," तिने विचारलं, "तुझी गोरी माणसंपण मरतात ना? मग त्यांना उकरत नाहीस ते?"

"त्यांना फार खोल पुरतात, मावशी. मला कंटाळा येतो."

फिलोमीन एवढी हसली की तिला खोकला लागला. वर्ना तेव्हा चाळिशी ओलांडलेली, पण त्या दिवसापासून ती 'पोरी' झाली. मुळं सोलायला बायकांमध्ये बसायला लागली. मुळाची तांबूस साल नखाने ओढून काढायची, पांढरं बोटभर मूळ टोपलीत टाकायचं, आणि तोवर एकमेकींच्या नवऱ्यांची उणीदुणी. वर्नाला नवरा नव्हता, म्हणून तिच्या साहेबाची काढायच्या.

आता मुळांचं एक असतं. ती जागा बायकांची. एकेका घराची आपली खणायची जागा ठरलेली असते, ती आईकडून लेकीला मिळते, आणि बाहेर कुणाला सांगत नाहीत. घरच्या पुरुषांनाही धड ठाऊक नसतं, आणि त्यांनी विचारायचंही नसतं. फिलोमीनचा भाचा इनियस जमातीच्या कचेरीत होता. जुन्या जागा सांभाळायचं काम त्याचंच. पण मावशी मुळं कुठून आणते हे त्यालाही माहीत नव्हतं. वर्नाला हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तर नंतर जे झालं त्याचा मला राग येतो.

झालं ते असं. हॅलोरन गावाकडे जाणारा जुना रस्ता रुंद करायचा ठरला. त्याला खडी हवी, आणि रस्त्यालगतच्या एका उंच माळावर आयती खडी होती. राखीव प्रदेशाच्या बाहेरची, सरकारी जमीन. पानगळीच्या दिवसांत वर्ना तिथे गेली. तिच्या पद्धतीप्रमाणे तिने अंतराअंतरावर खड्डे घेतले, माती चाळली, चाळणीत बोटं फिरवली. दगडी पात्याची एक कपची नाही, चुलीतला जळका दगड नाही, हाड नाही. नुसती रेव आणि वारा. तिने चाळणी झटकली आणि गाडीत टाकली.

तिथे काही दिसणार नव्हतंच. कडूमुळी अशाच उघड्या, रेताड माळावर येते. बर्फ वितळलं की जमिनीलगत हिरवा झुबका दिसतो, मग गुलाबी फूल येतं, आणि उन्हाळा चढला की पान-फूल सगळं वाळून वाऱ्यावर उडून जातं. मूळ तेवढं खाली राहतं. पानगळीत तिथून घोडा नेलात तरी कळायचं नाही. आणि खणणाऱ्या बायका काय मागे ठेवतात? साली त्याच भोकात टाकून वर माती लोटायची, असा रिवाज आहे. शेकडो वर्षं खणलेलं सगळं खाऊन संपलेलं. वर्नाचं शास्त्र उरलेल्या वस्तूंचं, आणि या माळावर काही उरतच नव्हतं.

त्या हिवाळ्यात फिलोमीनची थोरली बहीण गेली. तिचं नाव मी घेत नाही. आता घ्यायला हरकत नाही म्हणा, पण माझीच जीभ वळत नाही. नदीच्या माणसांत घरचं माणूस गेलं की वर्षभर त्याचं नाव उच्चारत नाहीत. ते जिथे वावरलं, जिथे त्याने खणलं, तिथे जायचं नाही आणि त्या जागेची गोष्टही काढायची नाही. वर्ष झालं की मोठं जेवण घालतात, गेलेल्याच्या नावाने ब्लँकेटं, भांडी, जे असेल ते लोकांना वाटून टाकतात, आणि मग तोंडं उघडतात. वर्ना त्या मयताला होती. रात्रभर बसली होती, भांडीही घासली होती.

आणि फेब्रुवारीत रस्त्याची सभा लागली. जमातीच्या सभागृहात रानसांबराचा रस्सा, तळलेले पाव, मोठ्या टाकीत कॉफी, भिंतीवर नकाशा. वर्नाने सगळं नीट सांगितलं. रस्ता इथून जाईल, नाला असा ओलांडेल.

"आणि खडी या माळावरून काढायची आहे," तिने बोट ठेवलं. "मी तिथे खणून बघितलं. मला काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाचं काही?"

एका म्हाताऱ्याने ट्रक शाळेवरून जाणार का असं विचारलं. दुसरा म्हणाला, "रस्ता रुंद करताय तर माझ्या मेहुण्यालाही पलीकडे सरकवा." सगळे हसले. फिलोमीन हसली नाही. ती इतका वेळ नकाशाकडे बघत होती. माळाचं नाव निघालं तशी तिने खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

वर्नाने ते बघितलं. बघितलं नाही असं नाही. सभा संपल्यावर ती बाहेर मावशीच्या पिकअपपाशी गेली.

"मावशी, त्या माळाचं काही..."

"यंदा नको," फिलोमीन म्हणाली. शाल गच्च ओढून घेतली. "यंदा मी कशाबद्दलच बोलत नाही. पुढच्या वसंतात विचार."

"बरं बरं. नाही विचारत." वर्नाने तिच्या हातावर हात ठेवला. दुःखातल्या म्हाताऱ्या बाईला आपण आणखी त्रास दिला नाही, याचं तिला बरंच वाटलं.

अहो, त्यात काय नव्हतं! खुर्ची फिरवली, यंदा नको म्हणाली, पुढच्या वसंतात म्हणाली. याहून जास्त ती बाई बोलूच शकत नव्हती. आणि नव्या पोरांना शिकवताना वर्ना स्वतःच सांगायची, "ही माणसं गप्प बसली तर तो होकार धरू नका. कुणासाठी गप्प आहेत ते शोधा." ते वाक्य तिचं स्वतःचं. मग कुठे माती खाल्ली? तिला वाटलं, आपण काय परक्या आहोत? तिथे खरंच काही असतं तर मावशीने मला कसंही करून सांगितलं असतं. नियम लोकांसाठी, मी घरातली. माया आंधळी होते ती अशी.

दोन दिवसांनी साहेबाचा फोन आला. ग्रेडी त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता.

"काय म्हणाले तुझे लोक? माळाचं काय?"

"कुणी हरकत घेतली नाही."

"तुझा आवाज असा का येतोय? हे बघ, थांबायचं असेल तर आत्ताच सांग. नदीपलीकडे दुसरी खडी आहे. लांब पडेल, पण एखादं वर्ष चालवून घेईन. मागून माझ्या गळ्याला फास लावू नकोस. आहे का तुझ्याकडे काही?"

वर्नाकडे काय होतं? एक फिरवलेली खुर्ची. मागच्या दोन्ही कामांत तिने ग्रेडीला अडवलं होतं, आणि या खेपेला नुसतं 'मला वाटतं' म्हणून अडवायची तिला लाज वाटली.

"नाही," ती म्हणाली. "तिथे काही नाही. चालू दे."

त्या उन्हाळ्यात रस्ता झाला. नदीच्या माणसांनी यंत्रं जाताना बघितली, पण कुठल्या माळावर काय चाललंय हे बघायला फिलोमीनच्या घरचं कुणी तिकडे फिरकणार नव्हतं. त्यांचं वर्ष चालू होतं.

हिवाळा सरता सरता बहिणीचं जेवण झालं, वाटप झालं, आणि एप्रिलच्या अखेरीस सकाळी सकाळी फिलोमीनचा फोन. आवाज पूर्वीसारखा खणखणीत.

"पोरी, गाडी चालते ना तुझी? ये घेऊन. माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही. डेल्फीन पण येतेय. तुझ्या त्या चाळणीत जन्मात सापडणार नाही असं काहीतरी दाखवते तुला."

डेल्फीन फिलोमीनची लेक, शाळेत शिकवणारी. कुठे जायचंय हे वर्नाने ओळखलं आणि तिला भरून आलं. परक्या बाईला घरची खणायची जागा दाखवायची, याहून मोठं काही त्या माणसांत नसतं. ती नवे बूट घालून निघाली.

फिलोमीन पुढे बसली, डेल्फीन मागे, लोखंडी पहारी घेऊन. सालातली पहिली पहार अजून पडायची होती, आज मुळं वर आली का तेवढं बघायचं. फिलोमीन सुटलीच होती. वर्षभराचं बोलणं साठलेलं. बहिणीचं नाव घेऊन घेऊन सांगत होती, ती कशी मुळं खणताना शिव्या द्यायची, कशी एकदा अस्वल बघून टोपली डोक्यावर घालून बसली.

"डावीकडे घे," फाट्यावर ती म्हणाली.

वर्नाने गाडी वळवली. डावीकडे हॅलोरनचा रस्ता. या रस्त्याला आणखी कितीतरी माळ आहेत, ती मनाशी म्हणाली. नाल्यापाशी थांबायला सांगेल. नाला आला, गेला. पाइनच्या झाडीत वळायला सांगेल. तीही गेली.

"रस्ता बाकी छान झालाय गं," फिलोमीन म्हणाली. "पूर्वी माझी हाडं खिळखिळी व्हायची."

"मावशी," वर्नाने गाडी हळू केली, "मला जरा काहीतरी सांगायचंय..."

"सांग की. पण आधी चल तर. अजून पुढे आहे."

आणि वर्नाने गाडी पुढे नेली. तिथेच कडेला लावून सांगायला हवं होतं. भ्यालं की माणूस आहे तेच करत राहतं, तिचंही तसंच झालं.

माळ नव्हताच. होता तो खड्डा, कडा सरळ कापलेल्या, तळाला पिवळं पाणी साचलेलं. काठाने रेवेचे ढीग. फिलोमीन उतरली. पहार टेकत टेकत काठाशी गेली आणि उभी राहिली.

"आई, इथेच ना?" डेल्फीनने विचारलं. तिलाही कळलं होतं, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

फिलोमीनने पहार रेवेत रोवली. मग म्हणाली, "माझ्या आजीची आई इथे खणायची. आम्ही दोघी त्या तिथे बसायचो. त्या तिथे." तिने हात पुढे केला. हात केला तिथे नुसती हवा होती.

ती खाली बसली नाही, रडली नाही. वर्नाला वाटलं आता ही वळेल आणि माझ्या तोंडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. फिलोमीन वळली आणि म्हणाली, "मीच. मीच तोंड उघडायला हवं होतं. हिने विचारलं होतं मला. सभेत विचारलं, बाहेर येऊन विचारलं. आणि मी बसले नियम धरून. बहिणीची राखण केली आणि तिची जागा घालवली."

"आई, असं नको ना बोलूस," डेल्फीन म्हणाली.

आता वर्नाची पाळी होती. सांगायचं होतं एवढंच, की मावशी, मला कळलं होतं. तुझी खुर्ची मी बघितली होती. साहेब वर्षभर थांबायला तयार होता, मीच नको म्हणाले. चार वाक्यं. जिने जन्मभर इंजिनियरांशी तावातावाने भांडणं केली, तिच्या तोंडात मिठाची गुळणी.

फिलोमीननेच तिचा दंड थोपटला. "तुझा दोष नाही पोरी. तू विचारलंस."

आणि वर्नाने, काय म्हणावं या बाईला, मान हलवली. म्हणाली, "चल मावशी, थंडी आहे. घरी जाऊ."

त्यानंतरच्या रविवारी पहिली पहार मारायला फिलोमीन गेली नाही. दुसऱ्या एका बाईला तिने तो मान देऊन टाकला. जिला घरची जागा राखता आली नाही तिने सगळ्यांच्या पुढे उभं राहू नये, असं तिचं म्हणणं. इनियसने वर्नाला हे सांगितलं तेव्हा तो रडकुंडीला आला होता. "तूच समजाव तिला. तुझं ऐकते ती."

समजावते म्हणाली. खरंच जायचं होतं तिला. आधी म्हणाली, मुळांचा हंगाम सरू दे, जखम ताजी आहे. मग मासे धरायचे दिवस आले, घरात पाहुणे. मग बर्फ. दुसरा वसंत आला तेव्हा एकदा ती घरापर्यंत गेली. फिलोमीनने तिला हसून आत बोलावलं, आपल्या हाताने कॉफी दिली, तिच्या साहेबाला दोन शिव्या हासडल्या, आणि त्या प्रेमापुढे वर्नाचा धीर झाला नाही. हे प्रेमच तर जाणार होतं सांगितल्यावर. कॉफी पिऊन परत आली.

त्या साली पानगळीत फिलोमीन मावशी गेली. झोपेत गेली म्हणतात.

मग वर्षभर काही बोलायचं नव्हतं. या खेपेला वर्नाने नियम अगदी काटेकोर पाळला. त्याच वर्षी ती नोकरीतून निवृत्त झाली. खात्याने केक कापला, जमातीशी इतका सलोखा कुणी राखला नव्हता असं ग्रेडीने भाषणात सांगितलं. तिने केक तसाच ठेवून दिला.

वर्ष झालं तसं वाटपाचं जेवण ठेवलं. सभागृह भरलेलं. डेल्फीनने आईच्या शाली, पातेली, मण्यांच्या पिशव्या एकेकाला बोलावून दिल्या. मग लोक उठून बोलायला लागले. कुणी तिच्या शिव्यांची नक्कल केली, कुणी तिच्या हातच्या रश्श्याची आठवण काढली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्यांच्या. आणि वर्ना उठली.

तिने सगळं सांगितलं. खुर्ची, पिकअप, फोन. ग्रेडीने काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं, शब्दन् शब्द. खड्ड्याच्या काठावर ती कशी गप्प बसली तेही. मध्ये कुठे थांबली नाही. इनियस आपल्या हातांकडे बघत राहिला. ती खाली बसली, आणि एका म्हाताऱ्याने गाणं सुरू केलं.

जेवणं झाल्यावर ती भांडी घासायला मागे गेली. डेल्फीन तिथे होती. तिने हात पुसले.

"बरं वाटलं का तुम्हाला, सांगून?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," वर्ना म्हणाली.

"आई जेवायला बसली की आधी थोरल्या मावशीची माफी मागायची. रोज. ताट पुढे घेऊन. 'तुझी जागा मी घालवली गं' म्हणायची, आणि मग दोन घास खाऊन उठायची. आम्ही किती सांगितलं. आमचं तिला पटायचं नाही, कारण तुम्ही विचारलं होतंत हे तिला पक्कं ठाऊक होतं." डेल्फीनचा आवाज चढला नाही. "तुम्ही तेव्हा सांगितलं असतंत ना, तर तिने तुम्हाला शिव्या घालून घराबाहेर काढलं असतं. आयुष्यात परत उभं केलं नसतं. आणि मग पोटभर जेवली असती."

"हो," वर्ना म्हणाली. ते अगदी खरं होतं, आणि आता त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं.

डेल्फीनने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "राहू द्या," ती म्हणाली. "आम्ही करतो."